पाळण्याला ठिगळ

या शनिवारचा विषय जरा रुक्ष आहे, आधीच सांगून ठेवतो. सिनेमा नाही, ट्रेक नाही, ऑनसाईटच्या गमतीजमती नाहीत. विषय आहे विजेच्या खांबापाशी उभी राहणारी ती लिफ्टची गाडी आणि तिच्या फायबरच्या पाळण्याला मारलेली ठिगळं. फारच कंटाळा आला तर शेवटाकडे सोसायटीवाल्यांसाठी दोन परिच्छेद आहेत, तेवढे तरी वाचाच. कारण तिथे सही तुमची असते.

गाडी तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. टाटा ४०७ किंवा तसाच छोटा ट्रक, त्यावर घडी होणारा लांब हात, हाताच्या टोकाला माणूस उभा राहील असा पाळणा. कुणी स्कायलिफ्ट म्हणतं, कुणी बकेट, आमच्या निफाडकडे सरळ 'लिफ्टची गाडी'. इंग्रजीत तिला 'चेरी पिकर' म्हणतात, कारण फळबागेत उंचावरची फळं तोडायला असली यंत्रं वापरली गेली. (द्राक्षवाल्या निफाडला हे ऐकून बरं वाटेल, पण आमच्या मांडवाला लिफ्ट लागत नाही, मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं इतकंच.) या गाडीवरून स्ट्रीटलाईट बदलतात, तारेवर आलेल्या फांद्या तोडतात, गणपतीत माळा लावतात आणि वर्षभर कुठल्या ना कुठल्या भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स चढवतात.

माझं म्हणणं एवढंच आहे: चाचणी न करता केलेली फायबरची दुरुस्ती ही दुरुस्तीच नव्हे, ती रंगरंगोटी आहे. आणि रंगरंगोटी केलेल्या पाळण्यात माणूस उभा करणं हा निष्काळजीपणा आहे, मग तो सरकारी असो, ठेकेदाराचा असो किंवा आपल्या हाऊसिंग सोसायटीचा.

आता मुद्द्याने घेऊ.

फायबर म्हणजे फायबरग्लास, काचेचे बारीक तंतू आणि त्यांना बांधून ठेवणारं रेझिन. या तंतूंचा सर्वात जास्त वापरला जाणारा प्रकार 'ई-ग्लास', आणि त्यातला 'ई' हा इलेक्ट्रिकलचाच. म्हणजे हे मटेरियल मुळात विजेला अडवण्यासाठीच नावारूपाला आलं. कोरडं, स्वच्छ आणि अखंड असेल तर ते उत्तम इन्सुलेटर असतं. हे तीन शब्द पुन्हा वाचा: कोरडं, स्वच्छ, अखंड. भेग पडली की अखंड राहत नाही. भेगेत पाणी शिरलं की कोरडं राहत नाही. त्या पाण्याबरोबर धूळ, तेल आणि शेतातल्या फवारणीचे क्षार गेले की स्वच्छही राहत नाही. वरून मात्र पाळणा पिवळाधमक दिसतो.

आणि इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. 'फायबरचा पाळणा आहे ना, मग करंट लागत नाही.' साफ चूक! पाळणा फायबरचा असला तरी त्यामागचा हात संपूर्ण लोखंडी असेल, तर ती गाडी इन्सुलेटेड नाही. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या अशाच असतात. वर उभ्या माणसाचा एक हात तारेला आणि दुसरा लोखंडी लिव्हरला लागला की करंटला जमिनीपर्यंत हमरस्ता तयार. खऱ्या इन्सुलेटेड गाडीत वरच्या हाताचा एक मोठा भाग फायबरचा असतो, चांगल्या गाड्यांत खालच्या हातातही फायबरचा एक तुकडा बसवलेला असतो, आणि पाळण्याच्या आत पॉलिथिलीनचं वेगळं अस्तर असतं, त्याला लायनर म्हणतात. विजेच्या दृष्टीने भरवसा ठेवायचा तो त्या अस्तरावर, बाहेरच्या फायबरच्या डब्यावर नाही. बाहेरचा डबा अस्तराला आणि माणसाला तोलून धरतो. आणि हे सगळं शाबूत असलं तरी दोन तारांना एकदम हात लागला, किंवा एक हात तारेला आणि दुसरा खांबाला, तर कुठलाही पाळणा वाचवत नाही. तो फक्त 'तार ते माणूस ते गाडी ते जमीन' एवढा एकच रस्ता अडवतो. निदान तो तरी खात्रीने अडवावा की नाही?

आता ठिगळांकडे येऊ. मागच्या हिवाळ्यात गावी गेलो होतो तेव्हा एका ठेकेदाराची गाडी (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) रस्त्यात उभी होती. पाळण्याच्या तळाच्या कोपऱ्याला वीतभर भेग, तिच्यावर फायबरच्या चटईचा तुकडा चिकटवलेला, वर पिवळा रंग. आत लायनर होता, पण त्याच्या तळाला एक गोल भोक. मी विचारलं, "अण्णा, हे भोक कसलं?"

"पावसाचं पाणी साचतं ना भाऊ, म्हणून पाडलं. नाहीतर बूट भिजत्यात."

"आणि हे पॅचिंग कुणी केलं?"

"आपला टाक्यावाला हाय ना, त्यानीच. एकदम कडक केलंय. काही नाही होत."

अण्णांचा यात काडीचा दोष नाही. त्यांना कोणी सांगितलेलंच नाही की त्या लायनरची सगळी किंमत तो अखंड असण्यात आहे. ज्या क्षणी ड्रिल आरपार गेलं त्या क्षणी तो लायनर संपला, उरली प्लास्टिकची बादली. लायनरला भेग किंवा भोक पडलं तर तो दुरुस्त करत नाहीत, बदलतात. पाणी साचू नये म्हणून पाळण्यावर झाकण घालायचं असतं, इतका साधा उपाय आहे. आणि टाकीवाला? तो त्याच्या कामात पटाईत आहे, मला त्याच्याबद्दल आदरच आहे. पण टाकी गळली तर अंगण भिजतं. पाळणा सुटला तर दहा मीटरवरून माणूस खाली येतो. हिशोब बारावीच्या फिजिक्सचा आहे: दहा मीटरवरून पडायला दीड सेकंदही लागत नाही, आणि जमिनीला टेकताना वेग ताशी ५० किलोमीटर असतो.

बरं, त्या 'कडक'पणाबद्दल थोडं. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा डिसेंबर-जानेवारीत पार खाली गेला की पेपरात फोटो येतो, द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात. रेझिनला ही थंडी चालत नाही. पॉलिएस्टर रेझिन नीट पक्कं व्हायला साधारण १५ अंशांच्या वर तापमान लागतं. त्याखाली ते हाताला कडक लागतं, पण आतून कच्चं राहतं. मग कारागीर काय करतो? हार्डनर वाढवतो. एक-दोन टक्क्यांच्या जागी अंदाजाने टोपणभर जास्त. त्याने ते लवकर गरम होतं, लवकर घट्ट होतं आणि ठिसूळ होतं. पावसाळ्यात याच्या उलट गंमत, भेगेत ओल तशीच असते आणि तिच्यावरच चटई चिकटवली जाते. म्हणजे पाणी बाहेर जायचा रस्ताही आपण बंद केला. सुकलं आणि पिकलं यातला फरक द्राक्षवाल्यांना मी काय सांगू!

आता योग्य पद्धत कशी असते तेही सांगतो, नाहीतर म्हणाल की नुसता टीका करतो.

पहिली गोष्ट, कुठला भाग तुटलाय ते ठरवा. नुसता वरचा रंगाचा थर (जेलकोट) खरवडला असेल, आतले तंतू दिसत नसतील, तर तो स्वच्छ करून, वाळवून पुन्हा भरता येतो. इंजिनाचं झाकण, लिव्हरवरचं आवरण असल्या गोष्टीही चांगला कारागीर दुरुस्त करू शकतो. पाळण्याचा तळ, काठ किंवा जिथे तो हाताला बोल्टने बसतो ती जागा तडकली असेल, तर काम उत्पादकाच्या लेखी पद्धतीनेच व्हायला हवं, आणि पुष्कळदा पाळणा बदलणंच शहाणपणाचं असतं. आणि इन्सुलेटेड हाताला खोल भेग असेल तर गावात कुणीही हात लावायचा नाही. गाडी उभी करायची, चावी काढून घ्यायची, वर पाटी लावायची. बस्स.

दुसरी गोष्ट, भेग दिसते तेवढीच नसते. फायबर आतून थराथराने सुटतं. नाणं घेऊन हळूच ठोकत जा, अखंड भागाचा आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या भागाचा बद्द. माठ घेताना आजी करायची तेच. पांढरट डाग दिसला तर तिथे तंतू आणि रेझिन वेगळे व्हायला लागलेत असं समजा. सुटलेलं सगळं घासून काढावं लागतं, आणि कडा उताराने घासाव्या लागतात, म्हणजे नवीन थर जुन्यावर लांबवर चढतो. खड्ड्यावर नुसता तुकडा डकवला तर ओढ सगळी त्या तुकड्याच्या कडेवर येते, आणि तो तिथूनच उखडतो.

तिसरी, साहित्य. काचेच्या जागी कार्बन फायबर वापरायचं नाही, ते कितीही 'भारी' असलं तरी वीज वाहून नेतं. धातूची पूड असलेली पुट्टी नको. चंदेरी ॲल्युमिनियम पेंट नको. एम-सील नळाच्या सांध्याला झकास, इथे नको. इन्सुलेटेड भागात ड्रिल मारून फोकस, टूलबॉक्स, झेंड्याची दांडी हे काहीही बसवायचं नाही. अमेरिकेतल्या ओशाच्या नियमात हे अगदी सरळ लिहिलंय: लिफ्टच्या इन्सुलेटेड भागात असा कोणताही बदल करायचा नाही ज्याने त्याची विजेला अडवण्याची ताकद कमी होईल.

चौथी, करणाऱ्याचा जीव. याबद्दल कुणीच बोलत नाही. घासताना उडणारी काचेची धूळ त्वचेला, डोळ्यांना आणि घशाला त्रास देते. रेझिनचा तो उग्र वास म्हणजे स्टायरीन, ज्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. आणि हार्डनर आणि कोबाल्टचं ॲक्सिलरेटर एकमेकांत थेट ओतलं तर भडका उडतो, स्फोटही होतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच दुसरं. आपल्याकडे हे काम बंद शेडमध्ये, तोंडाला रुमाल बांधून, शेजारी बिडी पेटवून चाललेलं असतं.

पाचवी आणि सगळ्यात महत्त्वाची, चाचणी. दुरुस्तीनंतर पाळण्यात नियमाप्रमाणे वजन टाकून बघायचं. गाडी इन्सुलेटेड असेल तर तिला हजारो व्होल्ट लावून किती करंट गळतो ते मोजायचं. हे मोजमाप मायक्रोॲम्पिअरमध्ये असतं. माणसाला साधारण एक मिलिॲम्पिअरला, म्हणजे हजार मायक्रोॲम्पिअरला मुंग्या जाणवतात, दहा-पंधराला हात तारेवरून सुटत नाही आणि पन्नास-शंभरला हृदयाची लय बिघडू शकते. यातलं काहीही डोळ्यांना दिसत नाही. रंगाच्या डब्यात तर नाहीच नाही. अमेरिकेत यासाठी ए९२.२ हे मानक आहे, आंतरराष्ट्रीय पातळीवर आयईसी ६१०५७. म्हणजे चाक नव्याने शोधायचं नाहीये, फक्त वापरायचंय.

आपल्या धंद्यातही 'पॅच' हाच शब्द आहे, ही मोठी गंमत. शुक्रवारी संध्याकाळी टेस्ट न करता पॅच प्रॉडक्शनला टाकला तर मॅनेजर आपल्याला फाडून खातो. कोड लिहिणाऱ्यानेच तो पास करायचा नाही, दुसऱ्याने तपासायचा, हे फ्रेशरलाही माहीत असतं. का? तर कुणाचं तरी शॉपिंग कार्ट दहा मिनिटं बंद पडेल. आणि इथे ज्याने चिकटवलं तोच बोटाने ठोकून सांगतो, "एकदम कडक." झालं सर्टिफिकेट!

आता विरुद्ध बाजू. ती फालतू नाहीये, म्हणून नीट घेतो.

"आपल्याकडे लाईन बंद करूनच काम करतात, मग इन्सुलेशन हवंय कशाला?" हा सगळ्यात वजनदार आक्षेप. परमिट घ्यायचं, स्विच पाडायचा, तार मेली का तपासायची, अर्थिंग करायचं आणि मग हात लावायचा, ही पद्धत बरोबरच आहे आणि पाळण्यापेक्षा कितीतरी पटीने महत्त्वाची आहे. पण खांबावरची खरी परिस्थिती काय असते? वर ११ केव्ही आणि खाली घरगुती लाईन एकाच खांबावर. यातली एक बंद, दुसरी चालू. कुणीतरी जनरेटर चेंजओव्हर न बसवताच जोडलेला, त्याची वीज उलटी लाईनवर येते. डीपीवर एका फेजचा फ्यूज उडाला आणि शेतातली मोटर उरलेल्या दोन फेजवर फिरत राहिली, तर ती मोटर तिसऱ्या तारेवर स्वतःच व्होल्टेज उभं करते. म्हणजे फ्यूज उडालेली तार मेलेली नसते, मेल्याचं सोंग घेतलेली असते. फोनवर 'कर सुरू' आणि 'करू नको सुरू' यात एका शब्दाचं अंतर असतं. सगळं सुरळीत असेल तेव्हा इन्सुलेशन लागतच नाही. ते चुकलेल्या दिवसासाठीच असतं, हेल्मेटसारखं. आणि हो, लाईन बंद असली म्हणून गुरुत्वाकर्षण बंद नसतं. तडकलेला तळ मेलेल्या लाईनखालीही तुटतो.

"शिडीपेक्षा तर बरं ना?" चांगला पाळणा असेल तर शंभर टक्के बरं. पण शिडीवरचा माणूस सावध असतो, त्याला माहीत असतं की आपल्यामागे कुणी नाही. पाळण्यातला माणूस पाळण्यावर विसंबतो, दोन्ही हात सोडून काम करतो, वाकतो, रेलतो. खोटा भरवसा देणारं साधन हे साधन नसण्याइतकंच वाईट, कधीकधी जास्तच.

"पैसा कुठून आणायचा?" गाडीखालच्या चेसिसचं आरटीओ पासिंग होतंच ना, पैसे भरून? ब्रेक, दिवे, टायर, धूर सगळं बघतात. ज्या पाळण्यासाठी ती गाडी घेतली त्याचं पासिंग मात्र नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने सातपूर-अंबडच्या शेडमधल्या साध्या चेनपुलीलासुद्धा वर्षातून एकदा जाणकार माणसाकडून तपासणीची शिस्त लावली होती. तो कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या संहितेत गेला, पण त्या शिस्तीने कारखाने बुडाले नाहीत. चेनपुलीला लोखंड लटकतं, इथे माणूस लटकतो.

"आपल्याकडे एवढं तंत्रज्ञान कुठे?" हे ऐकलं की मला निफाडकर म्हणून हसू येतं. ओझर कुठल्या तालुक्यात आहे हो? निफाड. तिथे १९६४ पासून एचएएल आहे. मिग झाली, सुखोई झाली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकमध्ये बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए तिथूनच उडालं. तेजसच्या सांगाड्याचा वजनाने जवळपास ४५ टक्के भाग कंपोझिटचा आहे, म्हणजे आपल्या फायबरचीच श्रीमंत भावंडं. तिथे रुपयाएवढा थर सुटला तरी तो तपासल्याशिवाय, नोंदवल्याशिवाय आणि दुसऱ्याच्या सहीशिवाय विमान हलत नाही. नाशिकला जाताना वाटेत शिलापूरला सीपीआरआयची, म्हणजे केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची प्रयोगशाळा आहे. हे सगळं तासाभराच्या अंतरात! तंत्रज्ञान नाही असं नाही, ते लाईनमनसाठी वापरावं असं कुणाला वाटत नाही, एवढंच.

देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी बारा हजारांहून जास्त माणसं मरतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे आहेत. त्यात लाईनमन किती, ठेकेदाराचे किती, ते त्या एका आकड्यात विरघळून जातं. विद्युत कायदा २००३ च्या १६१ व्या कलमानुसार अपघात कळवावा लागतो, विद्युत निरीक्षक चौकशी करतो. चांगलंच आहे. पण ही फाईल माणूस पडल्यावर उघडते. मला ती गाडी गॅरेजमधून बाहेर पडताना उघडायला हवीय.

तर मागण्या. फार नाहीत, चारच.

एक, हाताच्या बाजूला मोठ्या अक्षरात रंगवा: इन्सुलेटेड आहे की नाही, असेल तर किती केव्हीपर्यंत, शेवटची चाचणी कधी, पुढची कधी. गॅस सिलिंडरवर तारीख असते, लिफ्टवर का नको? इन्सुलेटेड नसेल तर ठळक 'इन्सुलेटेड नाही' लिहा. यात कुणाचा एक रुपया जात नाही.

दोन, वीज कंपनी असो की नगरपंचायत, लिफ्टच्या प्रत्येक टेंडरमध्ये चाचणीचं प्रमाणपत्र आणि सुटा लायनर अटीत घाला. 'गाडी सुस्थितीत असावी' ही अट नव्हे, शुभेच्छा आहे.

तीन, दुरुस्ती करणारा आणि तपासणारा वेगळा.

चार, वर चढणाऱ्याला 'नाही' म्हणायचा हक्क. भेग दिसली तर अण्णांनी गाडी नाकारली पाहिजे, आणि त्या दिवसाची हजेरी कापली जाता कामा नये. बाह्यस्रोतवाल्यांना तर हे लेखी द्यायला हवं, कारण त्यांची नोकरी पुढच्या महिन्याला असेल की नाही हे त्यांनाच माहीत नसतं.

आणि आता तुम्ही, पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतले माझे मित्र. दिवाळीच्या माळा, कंपाउंडचे दिवे, सीसीटीव्ही, झाडांची छाटणी यासाठी ही गाडी तुमच्या गेटमधून आत येते. तीन कोटेशन मागवता, सगळ्यात स्वस्त पास करता. त्या कागदावर एक ओळ वाढवा: 'लिफ्टचं चालू चाचणी प्रमाणपत्र सोबत जोडावे.' नसेल तर गाडी परत. हजार-दोन हजार जास्त गेले तर बत्तीस फ्लॅटमध्ये वाटून किती येतात, काढा कॅल्क्युलेटर.

आणि वादळात लाईट गेली की १९१२ वर चौथ्यांदा फोन करून "किती वेळ लागेल अजून?" असं ओरडण्याआधी एवढं लक्षात असू द्या की त्या वेळी कुणीतरी ओल्या पाळण्यात उभा आहे. तुमच्या घाईचं वजनही त्या पाळण्यात चढतं, आणि त्याच्या तळाला ठिगळ आहे की नाही हे तुम्हाला माहीत नाही. त्यालाही माहीत नाही.

असो. पुढच्या शनिवारी काहीतरी हलकंफुलकं लिहीन म्हणतो.